निफाडची संत योसेफाची आरास : उगम आणि वाटचाल

या स्मरणिकेच्या संपादकांनी ‘संस्थेचा इतिहास’ लिहून देण्याची आज्ञा केली तेव्हा पहिली अडचण उभी राहिली ती ही की, जिचा इतिहास लिहावयाचा ती संस्था धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरी दाखलच नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तिची नोंदणी झालेली नाही, तिला घटना नाही, अध्यक्ष नाही, शिक्का नाही. आणि खजिनदार म्हणून त्या त्या वर्षी जो कोणी असेल त्याच्या ताब्यात एक लाल कापडी बांधणीची वही, एक पत्र्याची पेटी आणि नऊ फळ्या यांखेरीज स्थावरजंगम अशी दुसरी मिळकत नाही. तथापि निफाड परिसरातील आम्हा मूठभर कॅथलिक कुटुंबांना ‘तुमची संस्था कोणती’ असे कोणी विचारले, तर आम्ही शाळेचे नाव घेणार नाही, पतपेढीचे घेणार नाही; ज्या एका गोष्टीकडे बोट दाखवू ती म्हणजे दरसाल मार्चच्या १८ तारखेला संध्याकाळी उभी राहणारी आणि १९ तारखेला रात्री उतरवली जाणारी संत योसेफाची आरास. वर्षातून जेमतेम एक अहोरात्र जिचे अस्तित्व, तिचा इतिहास लिहावयाचा म्हणजे तो फळ्यांचा नव्हे, त्या उभ्या करणाऱ्या माणसांचाच लिहावा लागतो, आणि तसाच तो पुढे लिहिला आहे.

‘आरास’ हा शब्द वस्तीतल्या बायांचा. धर्मगुरू आपल्या प्रवचनात तिला वेदी म्हणतात आणि ते शास्त्राला धरूनच आहे. परंतु ज्या वेदीवर मिस्सा अर्पण होतो ती यज्ञवेदी निराळी, आणि संताच्या सन्मानार्थ भाविकांनी आपल्या हाताने मांडलेली ही निराळी, हा भेद आमच्या आज्यांनी एकही धर्मशास्त्रीय ग्रंथ न उघडता दोन शब्द वेगळे ठेवून स्वच्छ करून टाकला होता. आरास तीन पायऱ्यांची असते. सर्वांत वरच्या पायरीवर दीड हात उंचीची योसेफाची प्लास्टरची मूर्ती, तिच्या हाती फुललेली काठी. योसेफाची काठी फुलली या आख्यायिकेवरून युरोपात तेथे लिलीची फुले ठेवतात, आमच्याकडे त्या जागी निशिगंधाच्या छड्या येतात. मधल्या पायरीवर भाकरी, पाव, द्राक्षांचे घड आणि ओंब्यांच्या जुड्या. खालच्या पायरीवर गहू आणि हरभरा यांच्या राशी, आणि त्यांच्या मधोमध सुताराची हत्यारे: करवत, रंधा, वाकस, पटाशी, गुण्या. पायऱ्यांपुढे जी रांगोळी काढतात ती शिरगोळ्याची नसते, लाकडाच्या भुशाची असते. भुसा गावातल्या सुताराकडून आणावयाचा, चाळावयाचा, निम्मा रंगवावयाचा आणि निम्मा तसाच पिवळसर ठेवावयाचा. मूर्तीपुढे समई लावतात की मेणबत्ती, याचा निकाल आजवर लागलेला नाही, म्हणून दोन्ही लावतात.

आता ती लाल वही. तिच्या पहिल्या पानावर साल घातलेले नाही. परंतु खिळे, सुतळी, चुना आणि ‘मास्तरांस भाडे’ या चार नोंदींपुढे रकमा मांडल्या आहेत त्या रुपये, आणे आणि पै यांत, आणि दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाली हे ज्याला ठाऊक आहे त्याला आरंभीची आरास त्या तारखेपूर्वीची असली पाहिजे हे सांगावयास ताम्रपटाची गरज नाही. वही लिहिणारे गृहस्थ रेल्वेत पॉइंट्समन होते. त्यांचे अक्षर टपोरे, मोडी वळणाचे. जमेची बाजू आखूड, खर्चाची लांब, आणि दोहोंचा मेळ बसेनासा झाला की खाली ‘फरक पदरचा’ एवढेच लिहून रेघ ओढलेली. पुढील काळातील नोंदी बॉलपेनाच्या आहेत, अधिक सविस्तर आहेत आणि त्यांत फरक कधीच राहत नाही. तरी इतिहासकाराचा विश्वास पहिल्या हस्ताक्षरावर अधिक बसतो, हे मी येथे पक्षपाताचा आरोप पत्करूनही नमूद करतो.

ही माणसे निफाडात आली कोठून? मनमाड, इगतपुरी, देवळाली या ठिकाणी कॅथलिक वस्ती झाली ती आगगाडीच्या आणि छावणीच्या निमित्ताने; थळघाट चढून १८६५ साली लोहमार्ग जोडला गेला आणि त्यामागून गोव्याचे, मुंबईचे, मद्रासेकडचे नोकरदार येऊन राहिले. आमचे पूर्वज त्यांपैकी नव्हेत. ते आले नगर जिल्ह्यातून. १८७६ ते १८७८ या भीषण दुष्काळाच्या अखेरीस, १८७८ साली, फादर ओटो वाइसहाउप्ट हे जर्मन जेझुइट राहुरीजवळच्या केंदळ गावी येऊन राहिले, आणि तेथून संगमनेर, वळण, राहाता अशी एकेक ठाणी होत गेली. त्या मिशनचा कणा युरोपातून आलेले फादर होते असे पुस्तकांत वाचावयास मिळते, आणि त्यांच्या कष्टांना उणे लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु गावोगाव झाडाखाली शाळा भरवणारा, जपमाळ सांगणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा आणि मृताला माती देणारा जो मास्तर, तोच खरा कणा होता. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना इंग्रज सरकारने प्रथम स्थानबद्ध केले आणि पुढे मायदेशी रवाना केले, तेव्हा नगरकडच्या कित्येक गावांत धर्म म्हणून जे काही उरले ते या मास्तरांच्या तोंडपाठ प्रार्थनांत उरले. आमच्या वहीतील ‘मास्तरांस भाडे’ ही नोंद त्याच परंपरेची आहे. फादर येवोत न येवोत, मास्तर यावयास हवेत, आणि त्यांना एस. टी.चे भाडे द्यावयास हवे.

पुढे कालव्यांनी नगर जिल्ह्याचे रूप पालटले. गोदावरीवर नांदूरमधमेश्वर येथे, म्हणजे आमच्याच तालुक्यात, बंधारा बांधून पाणी खाली कोपरगावकडे नेले, प्रवरेचे पाणी बेलापूरकडे आले, ऊस आला, साखर कारखाने आले, आणि ज्यांच्या मालकीची बोटभर जमीन नव्हती ती माणसे पाण्याच्या मागोमाग मजुरीला फिरू लागली. काही हरेगावच्या कारखान्यावर गेली. काही उलट्या दिशेने वर निफाडकडे सरकली. कोणी भाऊसाहेबनगरच्या कारखान्यात, कोणी द्राक्षबागेत, कोणी लासलगावच्या कांद्याच्या आडतीवर. गाव सोडताना त्यांनी बरोबर नेले ते जपमाळ, बाप्तिस्म्याचा दाखला आणि मिशनच्या शाळेत शिकलेली दोन-चार भजने.

त्यांतली बहुतेक महार-मांग समाजांतून धर्मांतरित झालेल्या घराण्यांतली होती, हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. १९३० च्या २ मार्चला नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला तो देवापुढे उभे राहण्याच्या हक्कासाठी. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी धर्मत्यागाची घोषणा केली ती येवल्याला, म्हणजे निफाडाहून दुपारी निघालेला माणूस सांजेला पोचेल इतक्या जवळ. आमच्या आजोबांच्या पिढीने त्याआधीच निराळा मार्ग धरला होता, आणि त्याची किंमत पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने वसूलही झाली, कारण ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती त्या आदेशाने नाकारल्या. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. येथे सांगावयाचे ते इतकेच की, नव्या धर्माच्या देवळातही त्या काळी वेदी दूरच होती. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या डिसेंबरात उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर करीपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होई, धर्मगुरू पाठमोरे उभे राहत आणि वेदी व लोक यांच्यामध्ये कठडा असे. तो कठडा कोणाच्या जातीवरून बांधलेला नव्हता, सर्वांसाठी सारखा होता, हे खरेच. परंतु ज्याच्या बापाला एका गाभाऱ्याच्या पायरीपासून हाकलले होते त्याला दुसऱ्या गाभाऱ्यापुढचा कठडा दिसल्यावर काय वाटत असेल, याचा विचार करणे इतिहासलेखकाला चुकवता येणार नाही. अशा स्थितीत ज्या वेदीला आपणच खिळे ठोकावयाचे, आपणच चुना लावावयाचा, जिच्या वरच्या पायरीवर स्टूल ठेवून चढावयाचे आणि आपल्या हातांनी मूर्ती उचलून ठेवावयाची, अशी एक वेदी त्या माणसांनी वर्षातून एक दिवस अंगणात उभी केली. तिला त्यांनी संस्था म्हटले नाही. पण मी म्हणतो.

योसेफच का, हा प्रश्न वस्तीत पूर्वी कधी कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. शुभवर्तमानांत या पुरुषाच्या तोंडी एकही वाक्य नाही. तो नीतिमान होता, सुतार होता, राजाच्या भयाने बायकोमुलासह परमुलुखी गेला आणि स्थिरस्थावर होताच परत आला, एवढीच त्याची हकीकत. आणि बारा बलुत्यांत सुताराची जागा कोणती हे ठाऊक असलेल्या माणसांना तेवढी पुरेशी होती. पाश्चात्त्य चर्चमध्येसुद्धा त्याची भक्ती उशिरा रुजली. १९ मार्चचा सण रोमच्या पंचांगात पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरला, नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८७० रोजी त्याला सार्वत्रिक चर्चचा आश्रयदाता ठरवले आणि बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा श्रमिक योसेफाचा दिवस मुक्रर केला. त्याची आळवणी १९०९ साली मान्य झाली होती. तीत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ च्या मे महिन्यात सात नवी नावे घातली, त्यांपैकी एक परागंदा झालेल्यांचा आश्रयदाता असे आहे. त्या नावाचा अर्थ प्रवचनात समजावून सांगावा लागला नाही.

काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात सिसिली बेटावरील योसेफाच्या वेदीविषयी सांगण्यात आले, तेव्हा आमच्यातील जाणती मंडळी चकित झाली. तेथेही वेदी तीन पायऱ्यांची. तेथेही काठी, शिडी, करवत अशा आकारांच्या भाकरी. प्रायश्चित्तकाळ असल्यामुळे तेथेही मांस वर्ज्य. शेवयांसारख्या पदार्थावर भाजलेल्या पावाचा चुरा भुरभुरतात तो सुताराच्या भुशाची आठवण म्हणून. तेथील आख्यायिका अशी की, पूर्वी मोठे अवर्षण पडले, लोकांनी योसेफाला नवस केला, पाऊस आला, आणि तोवर गुरांपुढे टाकला जाणारा एक बाकळ्यासारखा दाणा होता त्याने माणसे जगवली; म्हणून वेदीवर त्या दाण्यांना मान. सिसिलीतले लोक देशोधडीला लागले तेव्हा ही वेदी बरोबर घेऊन अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सपर्यंत गेले. आमची आरास सिसिलीहून आलेली नाही. तिकडे बाकळा, इकडे हरभरा. तिकडे पावाचा चुरा, इकडे प्रत्यक्ष भुसा. दुष्काळातून निघालेल्या गरीब शेतकरी माणसांना सुतार संताची पूजा मांडावयाची झाली तर मार्च महिन्यात हाताशी जे असेल तेच ती मांडणार, यात मला उसनवारी दिसत नाही.

गव्हाच्या बाबतीत तर हे साम्य अधिक जवळचे आहे. सिसिलीची भाकरी ड्युरम गव्हाच्या रव्याची. तोच गहू आपल्याकडे बन्सी. निफाडजवळ कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे, येथल्या कडाक्याच्या थंडीचा गव्हाला फायदा होतो हे सर्वश्रुत आहे, आणि त्या केंद्राने दिलेल्या वाणांपैकी ‘त्र्यंबक’ व ‘तपोवन’ हे सरबती, तर ‘गोदावरी’ हा बन्सी. आमच्या मधल्या पायरीवरच्या भाकऱ्या वर्षानुवर्षे बन्सीच्या असत आणि आता बहुधा गोदावरीच्या असतात. पीठ जाडसर दळून आणावे लागते, भाकरीला पिवळी झाक येते आणि दुसऱ्या दिवशीही ती मऊ राहते. हे शेवटचे विधान वादग्रस्त आहे. लोखंडी तव्यावर भाजलेली राहते, निर्लेपवरची राहत नाही, असा एक पक्ष आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. कोकणपट्टीतल्या आणि गोव्यातल्या ख्रिस्ती सणांकडे पाहिले तर पिकाशी जोडलेले सण पावसाळ्याच्या अखेरीस येतात: गोव्यात नव्या कणसांचे फेस्त, मुंबईच्या ईस्ट इंडियन मंडळींचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा सप्टेंबरात मरियेच्या जन्मोत्सवाला. ते भाताचे, खरिपाचे सण. घाटावर आमच्या नाशिक धर्मप्रांतात सर्वांत मोठी यात्रा भरते ती हरेगावच्या मतमाउलीची. फादर बाडर यांनी १९४९ साली ती सुरू केली, तिलाही सप्टेंबरचाच मुहूर्त, आणि निफाडची मंडळी वर्षाकाठी एकदा तरी त्या वाटेला लागतातच. परंतु सप्टेंबरात निफाडच्या शेतात ओवाळण्याजोगे काय असते? द्राक्षाची गोडी छाटणी व्हावयाची असते, कांद्याचे रोप वाफ्यात असते, आणि मजुराच्या घरी तर काहीच नसते. येथले भरलेले दिवस मार्चचे. गहू खळ्यावर, हरभरा पोत्यात, द्राक्षे उतरणीला, हातात मजुरी. आमचा सण रब्बीचा आहे, आणि मला वाटते, १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि महागुरुस्वामी थॉमस भालेराव यांच्यासारखा नगरच्या मातीतला मराठी माणूस त्याचा पहिला बिशप झाला, तेव्हा अशा रब्बीच्या सणाला धर्मप्रांताच्या दिनदर्शिकेत एखादी ओळ मिळावयास हरकत नव्हती. मिळाली नाही. आम्हीही मागितली नाही.

कांद्याची हकीकत सांगितल्यावाचून हे प्रकरण पुरे होणार नाही. लासलगावच्या बाजारावर ज्यांची चूल चालते त्या घरांपैकी एकाने एका वर्षी खालच्या पायरीवर गव्हाशेजारी कांद्यांची परडी आणून ठेवली, आणि वस्तीत दुफळी माजली. देवापुढे कांदा ठेवू नये, असे जुन्या बायांचे म्हणणे. हा निर्बंध आपल्या धर्मात कोठे सांगितला आहे, असे तरुणांचे म्हणणे. आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या परीने बरोबर, कारण धर्म बदलला तरी आजीच्या हाताची सवय बदलत नाही. मास्तरांनी निवाडा दिला तो असा की, ज्या मालाच्या मजुरीवर आरास उभी राहिली तो माल तिच्यावर बसू शकतो. तेव्हापासून कांदा आहे. मात्र तो मूर्तीच्या बरोबर समोर ठेवीत नाहीत, किंचित डावीकडे ठेवतात.

तिथीवरूनही असेच प्रसंग आले. २००८ साली १९ मार्च पवित्र आठवड्यात पडला, तेव्हा सण १५ तारखेला अलीकडे आणला गेला आणि निम्म्या लोकांना निरोपच पोचला नाही. २०२३ साली तो रविवारी आला म्हणून सोमवारी २० तारखेला ढकलला गेला. २०२१ चा घोळ मोठा गमतीचा. ते पोप फ्रान्सिस यांनी जाहीर केलेले योसेफ-वर्ष, आणि १९ मार्च शुक्रवारी. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य असते. पण महासण शुक्रवारी आला तर ते बंधन उठते, असे चर्चच्या कायद्याच्या संहितेत स्पष्ट आहे, आणि हे कलम शोधून काढणाऱ्या आमच्या एका तरुणाने पंगतीला मटण करण्याचा ठराव मांडला. ठरावाला अनुमोदन भरपूर होते. तथापि आरास मांडली त्या दिवशी वस्तीत कधी मटण शिजलेले नाही, एवढा एकच मुद्दा बाजूने आणि विरुद्ध असा दोन्हीकडून मांडला गेल्यावर कायदा हरला. त्या वर्षीही गव्हाची खीर, हरभऱ्याच्या घुगऱ्या आणि वांग्याची भाजी हेच झाले.

मूर्तीला एकदा अपघात झाला. पेटीतून काढताना तिचा उजवा हात मनगटापासून तुटला आणि काठीसह खाली पडला. संध्याकाळचे सहा वाजले होते, मिस्सासाठी धर्मगुरू नाशिकहून निघालेले होते. गावातल्या ज्या सुताराकडून आम्ही भुसा आणतो त्याच्याकडे ती मूर्ती टॉवेलात गुंडाळून नेली. त्याने आधी हात धुतले. मग तारेचा एक बारीक तुकडा मनगटात बसवला, सांध्यात सरस आणि खडूची पूड भरली, पटाशीने जादा भाग खरवडला, आणि ते वाळेपर्यंत मूर्तीचा हात आपल्या बोटांत धरून तासभर बसून राहिला, कारण शिकंज्यात दाबला असता तर प्लास्टर चिरले असते. मजुरी त्याने घेतली नाही. आपल्याच धंद्यातला माणूस आहे, असे तो म्हणाला, आणि विश्वकर्म्याच्या तसबिरीपुढची उदबत्ती त्याने मूर्तीपुढेही ओवाळली. मनगटावर सांध्याची ती रेघ अजून दिसते. रंग देऊन ती बुजवावी अशी सूचना दोनदा आली आणि दोन्ही वेळा फेटाळली गेली.

२०१४ च्या आराशीविषयी लिहिणे अवघड आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर गारपीट झाली ती वाचकांच्या स्मरणात असेल. द्राक्षबागेत गार पडली म्हणजे नुसते मणी फुटत नाहीत; फुटलेल्या मण्यातून रस ओघळतो, चिलटे येतात, दोन दिवसांत आंबूस वास सुटतो आणि घड काढून टाकावयालाही मजूर लावावे लागतात. आराशीला घड देणारे बागाईतदार हिंदू, मराठा कुणबी. वर्षानुवर्षे ते न मागता पाटी भरून पाठवीत, आणि त्या वर्षी कोणाकडे मागावयाचे तोंड नव्हते. काहींनी नाशिकच्या बाजारातून चांगली द्राक्षे विकत आणावी असे सुचवले. शेवटी १८ तारखेला दुपारी एका बागेतून एक पाटी आली. घड होते ते गारेने ठेचलेले, अर्धे मणी काळवंडलेले. बायांनी ते निवडले, कुजलेले मणी कात्रीने कापून टाकले, आणि जे विरळ, भोके पडलेले घड उरले तेच मधल्या पायरीवर मांडले. तो बागाईतदार संध्याकाळी पाहावयास आला, दाराशी उभा राहिला, आत आला नाही आणि बराच वेळ गेलाही नाही. वहीत त्या वर्षी द्राक्षांपुढे ‘विनामूल्य’ असे लिहिण्याची प्रथा मोडून काहीच लिहिलेले नाही.

पहिल्या पानाचा, म्हणजे पहिल्या ताटाचा, मान कोणाचा, हे मात्र आरंभापासून ठरलेले आहे. सिसिलीत तीन मुलांना पवित्र कुटुंब समजून आधी जेवू घालतात. आमच्याकडे द्राक्षाच्या हंगामाला पेठ, सुरगाणा, दिंडोरी भागांतून जी आदिवासी कुटुंबे येतात, बागेच्या कडेला ताडपत्री ताणून राहतात आणि हंगाम संपला की निघून जातात, त्यांच्यापैकी एका कुटुंबाला आदल्या दिवशी आमंत्रण जाते. ते ख्रिस्ती नसते. आई, बाप आणि मूल असे तिघेच असावे असा संकेत आहे, पण सहसा सहा-सात जण येतात, आणि त्यांची पंगत उठेपर्यंत इतर कोणी हात धुवावयाचे नाहीत. २०२० साली ही पंगत झाली नाही. २२ मार्चच्या जनता संचारबंदीला तीन दिवस अवकाश होता, पण देवळांची दारे लागू लागली होती, आणि आम्ही आरास एका घराच्या पडवीत मांडून जेवण डब्यांतून बागेवर पोचवले. पुढच्या आठवड्यात टाळेबंदी झाली आणि तेच कुटुंब पायी सुरगाण्याकडे निघाल्याचे नंतर कळले.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी ज्या गावी जन्मले त्या गावाचा इतिहास लिहिताना कोणी आमच्या आराशीचा उल्लेख करील अशी अपेक्षा नाही, आणि तो झाला नाही तर तक्रारही नाही. आता वस्तीतली निम्मी मुले नाशिक, पुणे, मुंबई येथे नोकरीला आहेत. १८ तारखेला रजा मिळत नाही, म्हणून कित्येक वेळा ती १९ च्या सकाळी येतात आणि उभ्या आराशीचे छायाचित्र घेऊन संध्याकाळी परततात. त्यांना दोष देत नाही. पण आरास पाहणे आणि आरास मांडणे यांत जो फरक आहे तो छायाचित्रात येत नाही, हे त्यांच्यापैकी एखाद्याने हा लेख वाचला तर त्याला कळावे म्हणून लिहिले आहे.

नऊ फळ्यांपैकी तीन वाळवीने गेल्या आहेत आणि चौथी हलते. यंदा नव्या घालावयाच्या असे ठरले आहे. लाकूड बाभळीचे मिळाले आहे, त्याला रंधा मारणे बाकी आहे. १८ मार्चला संध्याकाळी पाच वाजता सुरुवात होईल. येणाऱ्यांनी हातोडी घरून आणावी. वस्तीत दोनच आहेत, आणि त्यांतल्या एकीचा दांडा सैल आहे.